आधीचं तेल गेलं कुठे?

जुन्नर-आंबेगावातले शीतगृहवाले, स्वतःचं पॅकहाउस चालवणारे द्राक्ष बागायतदार, गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर बल्क कूलर सांभाळणारी मंडळी, या सगळ्यांना एक विनंती आहे. मेकॅनिकने कॉम्प्रेसरच्या काचेत डोकावून "ऑइल कमी झालंय, दोन लिटर टाकायला लागंल" असं म्हटलं, की लगेच मान डोलवू नका. नवा कॅन उघडण्याआधी त्याला एकच विचारा : आधीचं तेल गेलं कुठे?

प्रश्न भाबडा वाटेल. ट्रॅक्टरचं इंजिन तेल खातं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. कमी झालं की टाकायचं, त्यात विचारायचं काय? पण इंजिनात तेल जळतं आणि धुराबरोबर निघून जातं. कॉम्प्रेसरमध्ये जाळ नाही. तांब्याच्या बंद नळ्यांत तोच गॅस आणि तेच तेल वर्षानुवर्षं फिरत असतं. तेव्हा काचेत तेल कमी दिसलं, तर एक तर ते एखाद्या जोडातून बाहेर गळालं असणार, नाहीतर आतच कुठेतरी पडून राहिलं असणार. गळालं असेल तर डाग सापडतो. डाग नसेल, तर ते तेल तुमच्याच नळ्यांत आहे. पैसे मोजून घेतलेलं आहे आणि अजून तुमचंच आहे.

मुळात तेल कॉम्प्रेसर सोडून जातंच कशाला? पिस्टन आणि बेअरिंग ओली राहावीत म्हणून ते आत भरलेलं असतं. कॉम्प्रेसर गॅस दाबून बाहेर फेकतो तेव्हा त्याच्याबरोबर तेलाचे बारीक तुषारही निघतात. कुठल्याही कंपनीचा, कितीही महागाचा कॉम्प्रेसर घ्या, थोडं तेल जाणारच. ऑइल सेपरेटर बसवला तर तो त्यातलं बरंचसं पकडून परत पाठवतो, सगळं नाही. 'थोडं' म्हणजे किती, तेही पाहू. समजा तुमच्या प्रीकूलिंगच्या मशीनमधून तासाला ५०० किलो गॅस फिरतो. (मशीनमध्ये गॅस भरलेला असतो थोडेच किलो, पण तोच पुन्हा पुन्हा फिरत असतो.) त्याच्याबरोबर अर्धा टक्का तेल गेलं, तरी तासाला अडीच किलो होतं. कॉम्प्रेसरच्या पोटात धरा तीन-साडेतीन लिटर. म्हणजे गेलेलं तेल परत आलंच नाही, तर दीड तासात कॉम्प्रेसर कोरडा. तो एवढ्यात कोरडा पडत नाही, कारण जितकं जातं तितकं दुसऱ्या बाजूने येत असतं. या येण्याकडे कुणी बघत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

तेलाचा रस्ता असा. कॉम्प्रेसरमधून निघतं तेव्हा गॅस तापलेला असतो, तेलही पातळ असतं, त्यामुळे कंडेन्सरपर्यंत काही अडचण येत नाही. कंडेन्सरमध्ये गॅसचा द्रव होतो, आणि तेल त्या गॅसला चालणाऱ्या जातीचं असेल तर त्यात विरघळून एक्सपान्शन व्हॉल्व्हपर्यंत बिनबोभाट वाहत जातं. खरी परीक्षा थंड खोलीतल्या कॉइलमध्ये. तिथे द्राक्षांच्या मशीनमध्ये गॅस शून्याखाली चार-पाच अंशांवर उकळतो आणि वाफ होऊन पुढे निघून जातो. तेल उकळत नाही. ते नळीच्या आतल्या भिंतीला थंड, घट्ट होऊन चिकटतं. तिथून कॉम्प्रेसरपर्यंत त्याला आणणार कोण? तिथे पंप नाही, दुसरं कुठलंही यंत्र नाही. परतीच्या नळीतून, म्हणजे सक्शन लाइनमधून, धावणारा गॅस त्याला भिंतीवरून सरकवत नेतो, बस. गॅस जोरात धावला तर तेल येतं. मंदावला की तेल बसतं.

ड्रिपवाल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावायला नको. सबमेनमध्ये पाण्याचा वेग कमी पडला की गाळ तळाला बसतो, आणि म्हणून आपण शेवटची टोकं उघडून फ्लश करतो. सक्शन लाइनला असं टोक उघडता येत नाही, म्हणून तिथे वेग आधीच सांभाळावा लागतो.

हा वेग नळीच्या जाडीवर ठरतो आणि इथेच आपल्याकडे सर्वांत जास्त चुका होतात. जाड नळी म्हणजे भारी काम, असा एक समज आहे. नऊ सुताच्या नळीचं काम असताना मालक म्हणतो, "राहू द्या, अकरा सुताची टाका, पुढे खोली वाढवायची आहे." अकरा सुताच्या नळीचा पोकळ भाग नऊ सुताच्या जवळजवळ दीडपट भरतो, म्हणजे तेवढ्याच गॅसचा वेग साधारण एक तृतीयांशाने घटतो. या धंद्यातला जुना ठोकताळा असा, की आडव्या सक्शन लाइनमध्ये गॅस सेकंदाला निदान अडीच मीटर आणि वर चढणाऱ्या उभ्या नळीत निदान पाच मीटर धावायला हवा. उभ्यात दुप्पट, कारण तिथे तेलाला गॅसच्या धक्क्याने भिंतीवरून वर चढायचं असतं. फार बारीक नळीही नको, तिने दाब पडतो आणि वीजबिल वाढतं. म्हणून नळीची जाडी हौसेने ठरवायची गोष्ट नाही, तिचा हिशेब मांडावा लागतो. हिशेब मांडणारा माणूस तुम्हाला विचारेल : मशीन किती टनाचं, गॅस कोणता, कॉइलचं तापमान किती, नळी किती लांब, मध्ये किती उंची चढायची. हे न विचारता जो सरळ तांब्याचं बंडल उतरवतो, त्याला जरा थांबवा.

उंचीचा मुद्दा आता आपल्याकडे जास्त पुढे येतोय, कारण पॅकहाउसमध्ये जागा मोकळी राहावी म्हणून कंडेन्सिंग युनिट स्लॅबवर नेण्याची पद्धत पडली आहे. वर हवा मोकळी मिळते, आवाजही दूर जातो, हे खरं. पण कॉइल खाली आणि कॉम्प्रेसर वर, म्हणजे सगळं तेल चढवायचं आलं. अशा वेळी उभी नळी सुरू होते तिथे खाली एक छोटा यू बेंड हवा. मेकॅनिक त्याला ट्रॅप म्हणतात. तेल त्यात साचतं, गॅसची वाट अडते, मग गॅस त्या तेलाला ढकलत वर नेतो. ट्रॅप छोटाच हवा. मोठा केला तर त्यातच लिटरभर तेल मुक्कामाला राहतं. उंची जास्त असेल तर साधारण पाच-सहा मीटरवर मध्ये आणखी एक ट्रॅप देण्याची प्रथा आहे. सगळे जाणकार त्यावर एकमत नाहीत, पण तळाच्या ट्रॅपबद्दल कुणाचं दुमत नाही. आडव्या नळीला उतार कॉम्प्रेसरकडे, दर दहा फुटांना अर्धा इंच तरी. उतार उलटा असेल, किंवा दोन क्लॅम्पच्या मध्ये नळी झोळीसारखी लोंबत असेल, तर मशीन बंद झाल्यावर तेल मागे कॉइलकडे जातं किंवा त्या झोळीतच बसतं. हे बघायला इंजिनिअर लागत नाही. गवंड्याकडची पाण्याने भरलेली लेव्हल ट्यूब लावा, पाच मिनिटांत कळतं.

द्राक्षाच्या मशीनची आणखी एक अडचण आहे, आणि तिचा विचार कोटेशन देणाराही क्वचितच करतो. दुपारपर्यंत तोडलेला माल क्रेटमधून येतो, बागेची ऊब घेऊन. चार-सहा तासांत त्याची ऊब काढायची असते, तेव्हा मशीन पूर्ण ताकदीनिशी चालतं. मग माल थंड झाल्यावर नुसता शून्याच्या आसपास सांभाळायचा असतो, तेव्हा काम पावपट राहतं. मोठ्या कॉम्प्रेसरचे काही सिलिंडर त्या वेळी आपोआप सुटतात, किंवा दोनपैकी एक कॉम्प्रेसर बंद होतो. गॅस पावपट फिरला की नळीतला वेगही पावपट. दिवसा चढणारं तेल रात्री चढत नाही. यावर जुना, साधा उपाय आहे : एकाऐवजी दोन उभ्या नळ्या, एक बारीक आणि एक जाड, जाड नळीच्या तळाशी ट्रॅप. काम कमी असताना ट्रॅप तेलाने भरून जाड नळी आपोआप बंद होते आणि सगळा गॅस बारीक नळीतून जोरात जातो. काम वाढलं की गॅस ते तेल उडवून दोन्ही नळ्या उघडतो. यात ना व्हॉल्व्ह, ना वायर, फक्त चार बेंड जास्त. तरीही ही व्यवस्था मी आपल्या भागात फार कमी पाहिली आहे. मालक चार बेंडचे पैसे वाचवतो आणि हंगामात कॉम्प्रेसर बदलतो.

आता तेल टाकत राहिल्याने काय होतं ते नीट ऐका. रात्री काच रिकामी दिसली म्हणून दोन लिटर टाकलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक. ते सगळं कॉइलमध्ये आणि नळीच्या झोळीत जाऊन बसलं. कॉइलच्या आत तेलाचा थर चढला की थंडी कमी मिळते, म्हणून मशीन जास्त वेळ चालतं आणि बिल वाढतं. मग एके दिवशी मोठा माल आला, मशीन पूर्ण ताकदीने सुटलं, आणि साचलेलं सगळं तेल एकदम कॉम्प्रेसरमध्ये येऊन थडकलं. तेल दाबलं जात नाही. व्हॉल्व्ह प्लेट फुटते, कधी कनेक्टिंग रॉड तुटतो. मग सगळे म्हणतात, कॉम्प्रेसरच खराब निघाला. कॉम्प्रेसर तेल कमी पडून मरतात, तसेच असे तेल भरून भरूनही मारले जातात.

मोठ्या मशीनवर ऑइल प्रेशर स्विच असतो. तेलाचा दाब पडला की साधारण दोन मिनिटं वाट पाहून तो मशीन बंद करतो आणि हाताने रिसेट केल्याशिवाय सुरू होऊ देत नाही. माल भरलेला असताना तो वारंवार तुटला की कुणीतरी दोन वायर जोडून त्याला बायपास करतो. कृपा करून हे कुणालाही करू देऊ नका. तो स्विच तुम्हाला हाच प्रश्न विचारतोय, तेल कुठे गेलं म्हणून.

दूध संकलन केंद्रांचं प्रकरण निराळं. बल्क कूलरचं कंडेन्सिंग युनिट टाकीला लागूनच असतं, नळ्या दोन-चार मीटरच्या, त्यामुळे चढ-उताराचा त्रास बहुधा नसतो. (खोली तापते म्हणून कुणी ते युनिट भिंतीपलीकडे किंवा वर हलवलं असेल, तर वरचं सगळं पुन्हा वाचावं.) तिथे खोड असते विजेची. दूध ४ अंशांवर न्यायच्या घाईच्या वेळीच व्होल्टेज पडतं, मशीन बंद होतं, पुन्हा लागतं, पुन्हा बंद. कॉम्प्रेसर सुरू होताना सर्वांत जास्त तेल बाहेर फेकतो आणि ते फिरून परत यायला काही मिनिटं लागतात. दोन मिनिटं चालून तो बंद पडत असेल, तर प्रत्येक सुरुवातीला तेल जातच राहतं, येत कधीच नाही. म्हणून बंद झाल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबवणारा टाइमर आणि कमी व्होल्टेजला तोडणारा रिले, या दोन वस्तूंत कंजूषी नको. छोट्या सीलबंद कॉम्प्रेसरला काच नसते, तेल किती आहे हे दिसतच नाही, त्यामुळे ही खबरदारी तिथे दुप्पट महत्त्वाची.

आपल्याकडच्या थंडीबद्दलही सांगायला हवं. जानेवारीत जुन्नरला पहाटे पारा सहज दहाच्या खाली जातो. बंद मशीनमधला गॅस नेहमी सर्वांत थंड जागा शोधतो. कॉम्प्रेसर बाहेर उघड्यावर असेल तर रात्रभर गॅस तिकडे सरकतो आणि तेलात विरघळून बसतो. सकाळी बटण दाबलं की दाब एकदम उतरतो, विरघळलेला गॅस उसळतो, सगळ्या तेलाचा फेस होतो आणि तो फेस एका दमात बाहेर फेकला जातो. कॉम्प्रेसरच्या तळाला गुंडाळलेला जो हीटरचा पट्टा असतो, तो यासाठी असतो. तो मशीन बंद असतानाच लागायला हवा. वीज वाचते म्हणून हंगामाबाहेर मेन स्विच पाडून ठेवत असाल, तर ठीक आहे, पण पहिला माल भरायच्या आदल्या दिवशी मेन टाका, हीटर किमान रात्रभर चालू द्या आणि मगच कॉम्प्रेसर लावा. हात लावून पाहा, तळ कोमट लागला पाहिजे. याच कारणाने काचेतली तेलाची पातळी सुरू करताक्षणी वाचू नका. फेसात काहीच खरं दिसत नाही. वीस मिनिटं सलग चालल्यावर पाहा. अर्ध्या काचेच्या आसपास असेल तर तेल पुरेसं आहे.

तेलाचा डाग मात्र तुमचा मित्र समजा. तेल गॅसबरोबरच फिरतं, म्हणून जिथून गॅस गळतो तिथे तेल उमटतं आणि त्याला धूळ चिकटते. फ्लेअर नट, व्हॉल्व्हची टोपी, थरथरणारी नळी क्लॅम्पला घासते ती जागा, आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. पुन्हा ओशट झालं तर साबणाचा फेस लावून पाहा. गॅस कमी झाला की वेगही कमी होतो, मग नळी अगदी बरोबर असली तरी तेल परतायचं थांबतं. कॉइलवर बर्फाचा थर जमला तरी तेच घडतं. त्यामुळे नुसता डीफ्रॉस्ट नीट केल्यावर काच पुन्हा भरलेली दिसली, तर आश्चर्य वाटू देऊ नका.

गॅस बदलणाऱ्यांनी विशेष सावध राहावं. मॉन्ट्रियल करारानुसार आर-२२ चा वापर आपल्याकडे टप्प्याटप्प्याने घटतोय आणि २०३० पर्यंत तो जवळजवळ संपायचा आहे, त्यामुळे जुन्या मशीनमध्ये दुसरा गॅस भरून देणारे बरेच भेटतील. आर-२२ बरोबर खनिज तेल चालतं, ते त्यात मिसळतं. आर-४०४ए किंवा आर-१३४ए मध्ये ते मिसळत नाही, मग कॉइलमध्ये गेलं की तिथेच राहतं. त्या गॅसना पॉलिओलेस्टर तेल लागतं, म्हणजे जुनं तेल काढून, पुन्हा पुन्हा बदलून, साफ करून मगच नवा गॅस. "तेल तेच राहू द्या, फक्त गॅस बदलतो" असं कुणी म्हणालं तर नव्या गॅसचं नाव आणि त्याला चालणारं तेल लिहून मागा. काही गॅस खनिज तेलाबरोबर चालावेत असे मुद्दाम बनवलेले आहेत, तेव्हा प्रत्येक वेळी फसवणूकच असते असं नाही. दुसरं म्हणजे पॉलिओलेस्टर तेल हवेतली ओल भराभर शोषतं. अर्धा वापरून बूच लावून ठेवलेला कॅन पुढच्या हंगामात वापरू नका.

सातगाव पठारावर बटाटा पिकवणारे आणि तो साठवणारे म्हणतील, आमचं काय? बटाट्याची मोठी शीतगृहं बहुधा अमोनियावर चालतात आणि तिथे सगळं उलटं आहे. खनिज तेल द्रव अमोनियात विरघळत नाही आणि त्याच्यापेक्षा जड असतं, म्हणून ते टाक्यांच्या आणि कॉइलच्या तळाशी जाऊन बसतं. ते परत येण्याची वाट पाहायची नसते, ठरलेल्या वेळी तळातून काढून टाकायचं असतं. किती काढलं आणि किती टाकलं याची वही ठेवली, की दोन आकडे जुळतात का ते आपोआप दिसतं. पण हे काम धोक्याचं आहे, तेलामागून अमोनिया येतो. हात सुटताच आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असल्याशिवाय, मास्क नसताना, एकट्याने, व्हॉल्व्ह उघडा सोडून चहाला जाऊन हे काम कधीही होऊ देऊ नका. अमोनिया गळतीचे बरेच अपघात तेल काढतानाच होतात.

घरच्या फ्रिजबद्दल एकच सांगतो, कारण मुंबईहून माळशेजमार्गे टेम्पोत आडवे पडून येणारे फ्रिज आपल्याकडे दर मे महिन्यात दिसतात. आडव्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत उतरतं. घरी आणल्यावर तो उभा करून ठेवा, रात्रभर राहू द्या, सकाळी लावा.

मेकॅनिक मंडळींवर राग काढू नका. बिचाऱ्याला रात्री अकराला फोन जातो, माल आत पडलेला असतो, मालक डोक्यावर उभा असतो. अशा वेळी तेल टाकून मशीन चालू करून देणं त्याला भाग पडतं. नळ्या उघडून पाहायला त्याला मोकळे दिवस तुम्हीच द्यायला हवेत, आणि ते पावसाळ्यानंतर, हंगामाआधी मिळतात. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात द्राक्षाच्या छाटणीवर, खतांवर वर्ग होतात. त्यात वर्षातून एक दिवस शीतयंत्रांसाठी काढावा, असं मला वाटतं. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन दोन्ही आहेत. तिथल्या मेकॅनिकलच्या मुलांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो. आपल्या दहा-बारा शीतगृहांच्या सक्शन लाइन मोजून, वेगाचा हिशेब मांडून दिला, तर मुलांचंही काम होईल आणि आपलंही.

नवी खोली बांधत असाल, तर कोटेशनवर सही करण्याआधी त्यात पाच गोष्टी लिहून घ्या : सक्शन लाइनची जाडी आणि ती कोणत्या हिशेबाने ठरवली, पूर्ण आणि कमीत कमी कामावर गॅसचा वेग, उतार कुठून कुठे, ट्रॅप किती आणि कुठे, आणि सुरू करताना तेल किती आणि कोणतं भरलं. शेवटची गोष्ट कॉम्प्रेसरवरच रंगाने लिहून ठेवायला सांगा. पुढच्या मेकॅनिकला ती कुणी सांगत नाही, आणि तो अंदाजाने दुसरंच तेल ओततो. नळ्यांवर काळा फोम चढवायच्या आधी सगळ्या लाइनचे, वळणांचे, ट्रॅपचे फोटो मोबाइलवर काढून घ्या. फोम चढला, त्यावर पत्रा बसला, की उतार उलटा आहे की सुलटा, हे पुन्हा पत्रा फाडल्याशिवाय कळत नाही.